घरकोंबडा बाप, अर्धवट मुलगा: गॅमजी घराण्याची वंशावळ

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात हॅम गॅमजी नावाचा म्हातारा माळी ‘आयव्ही बुश’ नावाच्या गुत्त्यात गप्पा छाटत बसलेला असतो. बोलता बोलता तो सांगून जातो की, बिल्बो बॅगिन्स प्रवासाहून परत आला तेव्हा आपण नुकतेच म्हाताऱ्या होल्मनच्या हाताखाली बागकाम शिकायला लागलो होतो, आणि हा होल्मन म्हणजे आपल्या वडिलांचा ‘कझिन’.

इंग्रजीत वाचणारा पुढच्या ओळीवर जातो. मराठीत वाचणारा इथे अडतो. कझिन म्हणजे नक्की कोण? चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ की मावसभाऊ? मराठीत यातला एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, आणि त्या प्रकरणात याचं उत्तर नाही.

उत्तर आहे तिसऱ्या खंडाच्या शेवटी. १९५५ साली आलेल्या त्या खंडात टॉल्किनने परिशिष्टं जोडली. त्यातल्या तिसऱ्या परिशिष्टात हॉबिटांच्या, म्हणजे कादंबरीतल्या बुटक्या लोकांच्या, वंशावळी आहेत आणि त्यात हॅमचा मुलगा सॅम याच्या घराण्याचीही एक आहे. ती पाहिली की कळतं, होल्मन हा हॅमच्या वडिलांचा मामेभाऊ. या ‘मामे’ शब्दातच अर्धी गोष्ट आली. या घरात बापाकडून आला तो दोर वळण्याचा धंदा. सॅम ज्यासाठी ओळखला जातो ती बाग आली ती एका पणजीच्या माहेरून.

सॅम नायकांपैकी एक आहे. त्याचा बाप हॅम, ज्याला सगळे ‘गॅफर’ म्हणजे म्हातारबा म्हणतात, तो तसा किरकोळ. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत दिसतो, शेवटी पुन्हा डोकावतो, मधल्या काळात सॅमच्या तोंडी त्याच्या म्हणी येतात, बस. पण या किरकोळ म्हाताऱ्याच्या मागे सुमारे १६६ वर्षांची नोंद आहे.

आधी सन जुळवून घ्या

वंशावळीतली सगळी वर्षं शायर सनात दिलेली आहेत. हॉबिटांनी शायर या आपल्या प्रदेशात वस्ती केली ते वर्ष १, म्हणजे कादंबरीच्या जगातल्या मोठ्या कालगणनेत तिसऱ्या युगाचं १६०१. तेव्हा शायर सनात १६०० मिळवले की तिसऱ्या युगाचं वर्ष निघतं. हॅमचा जन्म १३२६ चा, म्हणजे तिसऱ्या युगातलं २९२६. हे साधं गणित विसरून लोक एक तारीख वंशावळीतून आणि दुसरी परिशिष्टातल्या कालपटातून उचलतात, आणि मग नातू आजोबांपेक्षा मोठा निघतो.

जुन्या माणसांच्या वर्षांमागे ‘सुमारे’ची खूण आहे. ती गंभीरपणे घ्यायची. गॅमविचचा हॅमफास्ट सुमारे ११६०, त्याचा मुलगा वाइजमन सुमारे १२००, त्याचा मुलगा हॉब सुमारे १२४६. पुढची वर्षं पक्की: हॉबसन १२८५, हॅमफास्ट म्हणजे आपला गॅफर १३२६, सॅमवाइज १३८०. सहा माणसं, पाच अंतरं, सरासरी ४४ वर्षांची पिढी. आपल्या हिशेबाने हे फार वाटतं, पण हॉबिट ३३ व्या वर्षी सज्ञान होतो आणि शंभरीच्या आसपास सहज जगतो. हॉबसन ९९ वर्षं जगला, गॅफर १०२. माणसाच्या पिढीचा २५ वर्षांचा आकडा इथे लावला की सगळं विस्कटतं.

आता वंशावळ आणि कथा एकमेकींशी जुळतात का ते पाहू. बिल्बो परतला तेव्हा त्याच्या घरातल्या सामानाचा लिलाव चालू होता. तो दिवस २२ जून १३४२. गॅफर तेव्हा १६ वर्षांचा. ‘नुकताच शिकायला लागलो होतो’ हे बरोबर बसतं. बिल्बोच्या मोठ्या मेजवानीच्या वेळी, १४०१ साली, गॅफर ४० वर्षं बिल्बोच्या घराच्या बागेची निगा राखत आलेला असतो असं कथेत म्हटलंय. म्हणजे बाग त्याच्या एकट्याच्या ताब्यात आली सुमारे १३६१ ला, वयाच्या पस्तिशीत. मधली १९ वर्षं होल्मनच्या हाताखाली. होल्मनचा जन्म १२९२ चा, तेव्हा १३६१ ला तो ६९ चा. म्हाताऱ्याने गुडघे धरले आणि खुरपं पुतण्याच्या हाती दिलं, असं चित्र आपोआप उभं राहतं. कादंबरीत ते कुठेही वर्णन केलेलं नाही.

आडनाव कसं झिजलं

सुरुवात गावापासून. हॅमफास्ट हा ‘गॅमविचचा’. त्याचा मुलगा वाइजमन गॅमविच सोडून टायफील्डला गेला. गंमत अशी की गाव सोडल्यावरच गावाचं नाव आडनाव झालं. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गावात राहणाऱ्याला कोणी गावकर म्हणत नाही, बाहेर पडलं की ‘कर’ चिकटतो.

पुढची पायरी उच्चाराची. लिहायचं ‘गॅमविच’, म्हणायचं ‘गॅमिज’. इंग्रजी गावांच्या नावांत मधला व असा गिळला जातोच. ग्रीनविच लिहून ग्रेनिच म्हणतात तसाच हा प्रकार. म्हणून वाइजमनचा मुलगा वंशावळीत ‘हॉब गॅमिज’ म्हणून येतो. गॅमिजचं लाडाने किंवा चिडवून गॅमिजी झालं, त्यातला मधला स्वर पडला आणि उरलं गॅमजी. देवनागरीत ही साखळी इंग्रजीपेक्षा स्वच्छ दिसते, कारण आपण उच्चार लिहितो: गॅमविच, गॅमिज, गॅमिजी, गॅमजी. अट एकच, दुसऱ्या पायरीवर ‘विच’ लिहायचं नाही. तिथे अक्षराला अक्षर ठेवलं की पुढचं आडनाव आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

हॉबची दुसरी ओळख ‘दोरवाला’. टायफील्डला या घराण्याचा दोर वळण्याचा धंदा होता. हॉबचा मुलगा हॉबसन, नावाचा अर्थच ‘हॉबचा मुलगा’, त्याला ‘रोपर गॅमजी’ म्हणत. मग हॉबसनच्या तीन मुलांकडे पाहा. थोरला अँडवाइज वडिलांच्या धंद्यात राहिला, त्याचं नाव लागतं अँडवाइज रोपर. मधला हॅमफास्ट टायफील्ड सोडून हॉबिटनला आला, तो गॅमजीच राहिला. धाकटा हाल्फ्रेड ओव्हरहिलला स्थिरावला, त्याची नोंद ‘ओव्हरहिलचा हाल्फ्रेड’ अशी. सख्खे तीन भाऊ आणि तीन तऱ्हेची ओळख: एकाची धंद्यावरून, एकाची पणजोबांच्या आधीच्या गावावरून, एकाची आत्ताच्या गावावरून. खऱ्या समाजात आडनावं घट्ट होण्याआधी नेमकं हेच चालतं. काल्पनिक वंशावळ रचणारे बहुतेक जण सगळ्या भावांना एकच आडनाव देऊन मोकळे होतात, आणि म्हणूनच ती वंशावळ शिधापत्रिकेसारखी दिसते.

वंशावळीतल्या या नोंदी कथेत दोन ठिकाणी उगवतात. एमिन मुइल नावाच्या खडकाळ डोंगररांगेच्या कड्यावरून उतरताना सॅम दोराबद्दल अधिकाराने बोलतो आणि सांगतो की थोरल्या काकांचा, अँडीचा, टायफील्डजवळ दोर वळण्याचा कारखाना होता. आणि अगदी सुरुवातीला, उत्तरेच्या माळरानावर चालणारं झाड पाहिल्याचं सांगणारा ‘हाल’ हा ओव्हरहिलच्या काकांचा मुलगा हाल्फास्ट, सॅमचा चुलतभाऊ. वाचताना दोन्ही वाक्यं सहज निघून जातात.

रोवनचं माहेर

आता दुसरी बाजू. हॉबिटनमध्ये होल्मन नावाचा एक होता, जन्म १२१०. माती लागली की उगवलंच असा हात, म्हणून ‘हिरव्या हातांचा’ होल्मन. त्याच्या मुलाच्या पिढीत हे टोपणनाव थेट आडनाव झालं: हाल्फ्रेड ग्रीनहँड, माळी. हाल्फ्रेडचा मुलगा होल्मन ग्रीनहँड, तोच गॅफरचा गुरू.

हिरव्या हातांच्या होल्मनला मुलीही होत्या. त्यातली रोवन, जन्म १२४९, टायफील्डच्या हॉब दोरवाल्याला दिली. तिचा मुलगा हॉबसन. म्हणून हॉबसनला हाल्फ्रेड ग्रीनहँड मामा आणि धाकटा होल्मन मामेभाऊ. हॉबसनने मधल्या मुलाला बागकाम शिकायला पाठवलं ते स्वतःच्या आजोळी. धंदा थोरल्याकडे जाणार हे ठरलेलं असताना मधल्याची सोय मामाकडे लावायची, यात मराठी वाचकाला काहीच परकं वाटू नये.

दुसरी मुलगी रोझ, जन्म १२६२, कॉटमनला दिली. तिचा मुलगा होल्मन कॉटन, त्याचा मुलगा टोलमन म्हणजे कथेतला शेतकरी कॉटन, त्याची मुलगी रोझी. सॅमची बायको. म्हणजे सॅमची पणजी आणि रोझीची पणजी सख्ख्या बहिणी, आणि हिरव्या हातांचा होल्मन दोघांचाही खापरपणजोबा. रोझीला नाव मिळालंय तेही पणजीचंच. शिवाय सॅमची धाकटी बहीण मॅरिगोल्ड रोझीच्या भावाला, टॉमला, दिलेली. मराठीत याला साटंलोटं म्हणतात. इंग्रजी टीकाकारांना याच गोष्टीसाठी अख्खं वाक्य खर्चावं लागतं.

या वंशावळीचं नाव ‘लाँगफादर ट्री’. बापाकडून बापाकडे जाणारी माळ असा त्याचा अर्थ, शब्द जुन्या नॉर्सच्या वळणाचा. नावाला भुलून फक्त बापांची रांग वाचली तर दोर मिळतो, बाग सुटते. तेव्हा वाचण्याची पद्धत अशी ठेवा: आधी सरळ खाली या, मग प्रत्येक लग्नाच्या खुणेपाशी थांबा आणि बायकोच्या माहेरची ओळ कुठे सुरू होते ते शोधा. या एका पानावर तरी कळीची बातमी त्याच ओळीत आहे.

हॅम आणि सॅम, रान आणि बान

टॉल्किनची भूमिका अशी होती की आपण ही गोष्ट लिहिलेली नाही, हॉबिटांच्या भाषेतून इंग्रजीत आणली आहे. त्यामुळे नावांचेही दोन थर आहेत. हॅमचं मूळ नाव रानुगाड, तोडून ‘रान’. सॅमचं बानाझीर, तोडून ‘बान’. रानुगाड म्हणजे घर न सोडणारा. बानाझीर म्हणजे अर्धा शहाणा, साधाभोळा. मुळात ही टोपणनावं, पण शब्द रोजच्या बोलण्यातून गेले आणि काही घराण्यांत नावं म्हणून टिकून राहिले.

इंग्रजीत आणताना त्याने जुन्या इंग्रजीतले दोन शब्द घेतले. ‘हाम’ म्हणजे घर आणि ‘फॅस्ट’ म्हणजे घट्ट धरलेला, यातून हॅमफास्ट. मराठीत घरकोंबडा. ‘साम’ म्हणजे अर्धा आणि ‘वीस’ म्हणजे शहाणा, यातून सॅमवाइज. मराठीत अर्धवट, आणि यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही, कारण आपणही तो मोजमापासाठी कमी आणि माणसासाठी जास्त वापरतो. संस्कृतमधला ‘सामि’ म्हणजे अर्धा, तोच हा जुन्या इंग्रजीतला ‘साम’. लॅटिनमधला ‘सेमि’ही त्याच कुळातला. रान-बानचं यमक हॅम-सॅममध्ये टिकलं ही वर कमाई.

खटकण्याजोगी एकच गोष्ट: तीन भावांत ज्याचं नाव घरकोंबडा, तोही घर सोडून गेला. पण एकदा बॅगशॉट रोच्या तीन नंबरात बिऱ्हाड केल्यावर मात्र त्याने ते नाव खरं केलं.

नावातला ‘अर्धवट’ पुढे एल्फांच्या, म्हणजे कादंबरीतल्या दुसऱ्या एका जमातीच्या, भाषेतही जातो. कोरमालेनच्या मैदानावर सॅमचा जयजयकार होतो तेव्हा त्याला ‘बेर्हाएल’ म्हणतात. मूळ शब्द पेर्हाएल, वाक्यात प चा ब होतो. ‘पेर’ म्हणजे अर्धा. टॉल्किनने लिहून वगळलेल्या एका उपसंहारात राजा अ‍ॅरागॉर्न पत्रात त्याला पेर्हाएल म्हणतो आणि लगेच दुरुस्ती करतो की खरं तर पान्थाएल म्हणायला हवं, म्हणजे पूर्णशहाणा. हे माहीत नसेल तर ती दुरुस्ती नुसती अगम्य अक्षरं वाटते.

बाकी नावांत जुन्या इंग्रजांची एक सवय दिसते: घराण्यातली नावं एकाच अक्षराने सुरू करायची आणि नावाचे तुकडे पिढ्यापिढ्यांत फिरवायचे. राजा एथेलवुल्फच्या मुलांची नावं एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड अशी होती आणि सर्वांत धाकटा अल्फ्रेड. इथे ‘ह’ चालतो: हॅमफास्ट, हॉब, हॉबसन, हाल्फ्रेड, हॅमसन, हाल्फास्ट. शेवटचा तुकडा ‘फास्ट’ काकापुतण्यांत वाटला गेलाय. ‘वाइज’ फिरतो वाइजमन, अँडवाइज, सॅमवाइज असा. अँडवाइज म्हणजे जुन्या इंग्रजीत कसबी, निष्णात. थोरला काका निष्णात आणि पुतण्या अर्धवट, हा विनोद फक्त जुनी इंग्रजी येणाऱ्याला दिसतो. बापाच्या नावाला ‘सन’ जोडायची रीतही आहे: हॉबचा हॉबसन, हॅमचा हॅमसन, अँडीचा अँसन. मुलींना मात्र फुलांची नावं. गॅफर आणि बेल गुडचाइल्ड यांच्या मुली डेझी, मे आणि मॅरिगोल्ड. यातला ‘मे’ महिना नाही, त्या काळात फुलणाऱ्या काटेरी झाडाचा बहर आहे.

तुकडे फिरवण्याचा तोटाही असतो, माणसं एकमेकांत मिसळतात. या एका पानावर तीन हॅमफास्ट आहेत (सुमारे ११६०, १३२६, १४३२), तीन हाल्फ्रेड (१२५१, १३३२, १३६९), तीन होल्मन (१२१०, १२९२, १३०२) आणि तीन रोझ (१२६२, १३८४, १४२५). नुसतं ‘होल्मन’ लिहिलं की चूक ठरलेली. नावापुढे वर्ष लिहायची सवय लावली की निम्मा गोंधळ जातो.

कापसाची गोष्ट

आता कथेबाहेरचा इतिहास. परिशिष्टातला ‘अनुवादक’ सांगतो की गॅमजी हे गालाबास नावाच्या गावावरून आलेल्या गालबासी, पुढे गाल्प्सी, या आडनावाचं रूप. कॉटन हे ह्लोथ्रान या गावाच्या नावाचं. ह्लोथ म्हणजे दोन खोल्यांचं घर किंवा बीळ आणि रान म्हणजे डोंगरउतारावरची अशी छोटी वस्ती. दोन्ही आडनावं जवळ आली यात थट्टा नाही, असंही तो गंभीर चेहऱ्याने नमूद करतो.

थट्टेचं काय कारण? बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली जखमेवर बांधायची, कापूस भरलेली पट्टी काढली. तिला गॅमजी टिश्यू म्हणू लागले. बर्मिंगहॅममध्ये लहानाचा मोठा झालेल्या टॉल्किनच्या कानावर गॅमजी हा शब्द कापूस या अर्थाने पडलेला होता. १९६४ च्या एका पत्रात तो सरळ सांगतो की लॅमोर्ना कोव्हला सुटीत भेटलेल्या एका गप्पिष्ट म्हाताऱ्याला मुलांच्या करमणुकीसाठी आपण ‘गॅफर गॅमजी’ नाव दिलं होतं, ते मुख्यतः ग-ग च्या अनुप्रासासाठी, आणि गॅमजींचं नातं कॉटनांशी जुळलं ते या कापसामुळेच. परिशिष्टात नाकारलेली थट्टा पत्रात कबूल केलेली आहे. दोन्ही खरं धरायचं. कथेच्या आतला खुलासा हॉबिटांचा, बाहेरचा लेखकाचा. एकाने दुसरा खोटा ठरवायचा खटाटोप केला की वाद कधीच संपत नाही.

सॅमनंतर

सॅम आणि रोझीला १३ मुलं झाली, पहिली १४२१ ला, शेवटचा १४४२ ला. पहिल्याचं नाव सॅमच्या मालकावरून, फ्रोडोवरून, ठेवायचं होतं, झाली मुलगी. मुलींना फुलाचं नाव द्यायची जुनी रीत फ्रोडोने सुचवली आणि तिचं नाव लोरिएन या एल्फांच्या वनातल्या फुलावरून एलानोर ठेवलं. शेवटच्या प्रकरणात फ्रोडो पुढच्या मुलांची नावं सांगतो, त्यात गोल्डिलॉक्स आधी आणि पिपिन नंतर येतो. वंशावळीत मात्र पिपिन १४२९ चा आणि गोल्डिलॉक्स १४३१ ची. भविष्य सांगताना क्रम चुकला असं म्हणून सोडून द्यावं.

आडनावाचं मात्र बघण्यासारखं झालं. सॅमच्या थोरल्या मुलाची नोंद फ्रोडो गार्डनर अशी आहे आणि त्याच्यापुढे होल्फास्ट गार्डनर. एलानोरच्या वंशजांचं आडनाव फेअरबेर्न, म्हणजे गोरंगोमटं लेकरू. एलानोरलाच ‘सुंदर’ हे बिरुद होतं, तेव्हा हे आडनाव आईकडून आलेलं दिसतं. म्हणजे ज्या आडनावाचा इतका शोध घेतला ते गॅमजी जेमतेम तीन पिढ्यांचं, हॉबसन, हॅम आणि सॅम. त्याची जागा घेतली ती माळ्याच्या धंद्याने, जो रोवनच्या माहेरून आला होता.

गॅफर वारला १४२८ ला. त्याच्या हयातीत सॅमला झालेल्या दोन मुलग्यांना नावं मिळाली फ्रोडो आणि मेरी, नंतर आला पिपिन. आजोबांचं नाव लागलं सातव्या अपत्याला, १४३२ साली, म्हातारा जाऊन चार वर्षं झाल्यावर. गॅमविचच्या पहिल्या हॅमफास्टला तोवर सुमारे २७२ वर्षं होऊन गेली होती.